उपकेंद्राला शंभरपैकी बारा

नारळ फुटल्याचा आवाज ऐकला की मला झाडे गुरुजी आठवतात, आणि त्याचा देवाधर्माशी काही संबंध नाही. आमच्या गावात कुठल्याही सरकारी कामाचं भूमिपूजन झालं, पाहुण्यांची जीप धूळ उडवत हिंगणघाटच्या दिशेनं निघून गेली, खोबरं वाटून झालं, की मंडळी आपापल्या घरी जात नसत. ती सरळ झाडे गुरुजींच्या छपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, येऊन बसत. गुरुजी तोवर धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत बसलेले असत. कोणीतरी विचारायचं, "मंग गुरुजी, किती?" आणि गुरुजी त्या अजून न झालेल्या कामाला शंभरपैकी गुण देत.

मी त्या गावच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा बावीस वर्षांची होते. वर्ध्यात वाढलेली, शिक्षणशास्त्राची पदविका नुकतीच हातात पडलेली, आणि खेड्यातल्या लोकांना शहाणं करायला आपण निघालो आहोत अशी पक्की समजूत असलेली. गुरुजी गणित शिकवत. निवृत्तीला चार-पाच वर्षं उरली होती. उंच, सडपातळ माणूस, कानावर केस, काखेत बारा महिने छत्री आणि सदऱ्याच्या खिशात फुटाणे. बोलता बोलता ते दोन-चार फुटाणे समोरच्याच्या हातावर ठेवत, मग तो शाळा तपासायला आलेला साहेब असो नाहीतर भांडायला आलेला शेजारी.

गुण देण्याची त्यांची खोड शाळेपुरती नव्हती. वांग्याच्या भाजीला, कीर्तनाला, नव्या जावयाला, पोळ्याच्या बैलजोडीला, सगळ्यांना गुण. माझा पहिला तास त्यांनी दारात उभं राहून ऐकला आणि जाता जाता म्हणाले, "अठ्ठावन्न. आवाज चांगला हाय बाई, पन तुमी फळ्याशी बोलता." मी दोन दिवस धुमसत होते. तिसऱ्या दिवशी मुद्दाम वर्गाकडे तोंड करून शिकवलं, तर खिडकीबाहेरून आवाज आला, "चौसष्ट." असा राग आला होता म्हणून सांगू! आणि तरी त्या दिवशी डबा जरा जास्तच गोड लागला.

पण गावाला कौतुक होतं ते त्यांच्या भाकितांचं. गावाच्या फाट्यावर एसटीच्या प्रवाशांसाठी निवारा बांधायचं ठरलं तेव्हा गुरुजींनी त्याला वीस गुण दिले. सरपंचांनी विचारलं, "वीस तरी कशाचे?"

"सावलीचे. सावली तं पडन न."

"मंग नापास काऊन?"

"आत बसलं का एसटी येताना दिसत नाई जी. अन् एक चुकली तं दुसरी संध्याकाळी. आतमंधी कोन बसन?"

झालंही तसंच. निवारा बांधून झाला, रंग लागला, नाव लागलं, आणि प्रवासी त्याच्यापुढे उन्हात रांगेनं उभे राहू लागले. आत पत्ते कुटणारी मंडळी बसली. नळाच्या टाकीला त्यांनी पस्तीस दिले होते, काठावर पास, कारण वरचा पुरा, म्हणजे गावाची वरची वस्ती, उंचावर होता आणि पाणी मारुतीच्या देवळाच्या पुढे चढणार नाही असं त्यांचं म्हणणं होतं. मोजमाप करायला आलेला तरुण साहेब त्यावर मनापासून हसला. पुढे वरच्या पुऱ्यातल्या बायका रिकाम्या नळाची तोटी सोडून त्यातून येणारी हवा ऐकत आणि एकमेकींना म्हणत, "गुरुजीचे पस्तीस बोलून राह्यले पाहा."

ते फक्त सरकारलाच नापास करत असं नव्हे. मधुकर नावाच्या एका होतकरू माणसानं गावात दुसरी पिठाची चक्की टाकायचं मनात घेतलं, तेव्हा सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. एवढ्याशा गावात दोन चक्क्या कशाला? गुरुजींनी एक्क्याऐंशी दिले. जुन्या चक्कीवाल्याची जीभ फार कडू होती; दळण निवडून आणलं नाही की तो बायकांना चारचौघांत बोलायचा. गुरुजी म्हणाले, "बाई डोक्यावर दळण घेऊन दोन गल्ल्या जास्त चालन, पन बोलणं ऐकाले नाई जाणार." मधुकरची चक्की अशी चालली की पुढे त्यानं मिरची कांडपही टाकलं.

हे सगळं ते कसं ओळखत, याची मला सुरुवातीला गंमत वाटायची. मग एकदा त्यांची रीत पाहिली. काम जिथं व्हायचं असे तिथं ते छत्री उघडून तीन दिवस जाऊन बसत. सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीच्या आधी. दगडावर बसायचं, फुटाणे खायचे आणि येणारं-जाणारं माणूस बघायचं. कोण कुठून वळतं, बाया घागर कुठं टेकवतात, म्हातारं माणूस कुठं दम खातं. "नकाशावर रस्ता असते, बाई," ते मला म्हणाले, "मी रस्त्यावरचं माणूस पाहतो." त्यांचं चुकत नसे, आणि चुकत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. थोडी ऐट होती, नाही कशाला म्हणू? सरपंच कधी कधी गयावया करत, "गुरुजी, पाच-दहा मार्क वाढवा न जी, गावाची अब्रू जाते." गुरुजी म्हणत, "एकदा तपासलेला पेपर मी बदलवत नाई."

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. गावाला आरोग्य उपकेंद्र मंजूर झालं. नाल्यापलीकडची जागा कुणीतरी दान दिली होती, आणि फुकट मिळालेली जागा नाकारायची सवय आपल्याकडे कुणालाच नाही. नारळ फुटला. गुरुजी तीन दिवस नाल्याकाठी बसून आले आणि छपरीत निकाल लागला: बारा. एवढे कमी गुण त्यांनी आजवर कशालाच दिले नव्हते. नाला पावसाळ्यात वाट अडवतो, हे एक. गावाबाहेर एकटी बाई राहणार नाही, हे दुसरं. आणि तिसरं त्यांनी जरा आवाज उतरवून सांगितलं. आणीबाणीत नसबंदीच्या नावाखाली लोकांनी इतकं काही पाहिलं-ऐकलं होतं की पांढरी साडी दिसली की माणसं वावरात पळत. "तिथं कोन पाय ठेवन?" गुरुजी म्हणाले. "दोन वर्षांत तुमाले तिथं किसनाच्या बकऱ्या बांधलेल्या दिसतील." छपरी हसली. शेरडं राखणारा किसना तर सगळ्यांत मोठ्यानं हसला.

इमारत उभी राहिली, नर्सबाई मात्र काही लवकर नेमल्या गेल्या नाहीत. एक दिवस किसनानं खरंच उपकेंद्राच्या ओट्यावर बकऱ्या नेऊन बांधल्या. सरपंच रागावले, तर तो अगदी निरागसपणे म्हणाला, "गुरुजीनंच तं सांगतलं जी. दोन वर्षांनी बांधाच्याच हायेत, तं आता काऊन नाई?" सरपंच बकऱ्या तिथंच सोडून परत गेले. गावाला किसनाचं म्हणणं रास्त वाटलं, हे त्याहून मोठं.

मेश्राम सिस्टर आल्या त्या दिवशी मी त्याच एसटीत होते. भंडाऱ्याकडची मुलगी, माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठी, पहिलीच नोकरी. सोबत ट्रंक, वळकटी, स्टोव्ह आणि जवळजवळ न दिसणारी म्हातारी आई. ओट्यावर सहा बकऱ्या आणि एक बोकड. सिस्टरनी ट्रंक खाली ठेवली आणि पदर खोचून झाडायला सुरुवात केली. किसनानं बकऱ्या ओट्याच्या एका अंगाला सरकवल्या, तेवढीच मेहेरबानी.

गाव तिच्याशी वाईट वागलं नाही, हे मी आवर्जून सांगते. उलट फार मायेनं वागलं. कुणी ताक पाठवलं, कुणी जळण. पण दोन दिवसांच्या पाहुणीशी वागावं तसं. रस्त्यात भेटली की बाया विचारत, "कधी चालल्या जी सिस्टर?" ती म्हणे, "मी राहायले आली न." त्यावर बाया समजूतदारपणे मान हलवत. गुरुजींचे बारा गुण सगळ्यांना पाठ होते. औषध घ्यायला मात्र एक माणूस फिरकलं नाही. तिसरा महिना लागला तेव्हा सिस्टर माझ्या खोलीवर येऊन बसली. मग म्हणाली, वरून सांगणं आलं आहे, महिनाअखेर पेशंट दिसले नाहीत तर ही जागा दुसऱ्या गावाला देतील. "माझं काय, मले कुठंबी पाठवतील," ती म्हणाली. "पन परवा त्या पाटाजवळच्या घरी बाळंतीण तापानं फणफणत होती. मी दारात उभी होती. त्याईनं मले पानी देल्लं, गूळ देल्ला, अन् बाळंतिणीले पाहू नाई देल्लं."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी गुरुजींना गाठलं. ते सहामाहीचे पेपर तपासत होते. माझं डोकं तापलेलंच होतं. म्हटलं, "गुरुजी, पेपर कोरा असतानाच तुम्ही तिला नापास केलंत."

"कोनाले?"

"सिस्टरला. ती चालली परत."

"मी कोनाले जाऊ नका म्हटलं नाई, बाई. जे दिसलं ते सांगतलं."

"तुम्ही बारा म्हणालात. या गावाला तेवढं पुरतं. लोक तुमचं भाकीत ऐकत नाहीत गुरुजी, ते पाळतात."

माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठ्या माणसाशी मी अशी बोलले. गुरुजींनी पेनाचं टोपण लावलं. पुढे दिवसभर त्यांनी एकाही गोष्टीला गुण दिले नाहीत. संध्याकाळी मला वाटलं, जरा जास्तच झालं आपलं.

सकाळी शाळेत त्यांचा रजेचा अर्ज आला. गुरुजी स्वच्छ धोतर नेसून, छत्री घेऊन नाल्यापलीकडे गेले होते. आधी त्यांनी ओट्यावरच्या बकऱ्या सोडल्या आणि सगळ्यांची दावी हातात धरून, गावाच्या मधल्या रस्त्यानं चालत, किसनाच्या अंगणात नेऊन बांधल्या. ज्या माणसानं कधी कुणाचं दावं धरलं नाही तो सात शेरडांच्या ओढाताणीत छत्री सांभाळत चालला आहे, हे पाहायला बाया दारात आल्या. मग ते परत गेले आणि उपकेंद्राच्या बाकड्यावर बसले. सिस्टरनं विचारलं, "काय होते जी गुरुजी?"

"काई नाई."

"मंग?"

"बसतो. नाव लिहा माझं."

"आजार काय लिहू?"

गुरुजींनी थोडा विचार केला. "तोंडाचा लिहा."

आठ दिवस ते शाळा सुटल्यावर रोज तिथं जाऊन बसले. आणि आमच्या गावाचा स्वभाव असा की त्याचा अर्थ लोकांनी एकच लावला: गुरुजी आजारी आहेत, आजार मोठा आहे, आणि ते सांगत नाहीत. त्यांच्या पत्नीला, माईंना, विहिरीवर बाया डोळ्यांत पाणी आणून विचारू लागल्या. माई संतापल्या. "आवो, घरी धडधाकट जेवता अन् तिथं जाऊन बसता. लोक मले आतापासून धीर देऊन राह्यले." पण लोकांचे पाय वळले ते वळलेच. गुरुजींची प्रकृती विचारायला माणसं नाला ओलांडून येऊ लागली. आल्यावर बसायला हवं. बसल्यावर बोलायला हवं. किसनाची आई गुरुजींना भेटायला आली आणि जाता जाता तिनं सिस्टरपुढे पिकलेलं बोट धरलं. कुणी पोराला घेऊन आलं, त्याचा कान वाहत होता. पाटाजवळच्या घरातली ती बाळंतीण सासूसोबत आली, ताप उतरला होता पण अंगात त्राण नव्हतं. सिस्टरनं तिला आत नेलं आणि दार लावून घेतलं. गुरुजी बाकड्यावर बसून सगळ्यांना फुटाणे वाटत होते आणि प्रत्येकाला सांगत होते, "मले काई झालं नाई जी." त्यावर कुणाचाही विश्वास बसत नव्हता, हे बरंच झालं.

महिनाअखेर तपासायला साहेब आले, तेव्हा बाकड्यावर जागा नव्हती. सिस्टर राहिली.

पण नाला होताच. तो काही मायेनं वळणारा नव्हता. मृग लागायच्या आधीच गुरुजी माईंशी काहीतरी बोलले आणि एका सकाळी गड्याकरवी सिस्टरची ट्रंक, औषधांची पेटी आणि म्हातारी आई त्यांच्या घरी आली. चार महिने छपरीत उपकेंद्र. जिथं बसून ते सगळ्यांचे निकाल लावत तिथं आता पडदा लावून खाट टाकली होती. निकाल ऐकायला येणाऱ्या पुरुषांना माई दारातूनच परत पाठवत. गुरुजींना पुढचं दिसायचं हे खरं, पण दिसल्यावर उठून काही करायचं असतं, हे त्यांना त्या वर्षी सुचलं. हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलं तेव्हा त्यांनी मान डोलावली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी नाला दोन्ही काठ भरून वाहत होता. किसनाची मुलगी गंगू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. सकाळपासून अडली होती, गावातल्या सुईणीनं स्वतःच सांगितलं, "हिले सिस्टरकडे न्या." तिला उचलून छपरीत आणलं. पुरुषांना बाहेर काढलं, त्यात गुरुजीही आले. शाळेला सुट्टी होती. मी पाणी तापवायला माईंच्या हाताखाली होते. बाहेर किसना भिजत उभा होता आणि गुरुजी त्याच्या डोक्यावर छत्री धरून स्वतः भिजत होते. किसना सारखा विचारत होता, "गुरुजी, काय होईन जी? सांगा न, काय होईन?" आणि सगळ्या गोष्टींचं पुढचं सांगणारा तो माणूस गप्प होता. त्याचे ओठ नुसते हलत होते.

दुपारी बाळ रडलं. गुरुजी आणि माईंना मूल नव्हतं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, आणि त्या घरात पहिल्यांदाच बाळ रडत होतं. मी सांगायला बाहेर आले, तर गुरुजी घराकडे अशा नजरेनं बघत होते की जणू ते कुण्या दुसऱ्याचं घर आहे. म्हणाले, "आमच्या घरातून आवाज येऊन राह्यला, बाई." मला रडू आलं. आत माई बाळाला पुसत होत्या आणि त्याही रडत होत्या, आणि मध्येच गंगूला दटावत होत्या की तू काऊन रडते, तुले काय झालं.

पुढे एकदा मी त्यांना छेडलं, आता तरी ते बारा गुण वाढवा. ते गंभीरपणे म्हणाले, "बारा बरोबरच होते. नाला तिथंच हाय, वाट तीच हाय. जे होते त्याईले मी पाह्यलं, बाई. जी येणार होती ती कशी दिसन?" मात्र त्यानंतर त्यांनी सरकारी कामाला गुण देणं सोडलं. नाल्यावर रपटा, म्हणजे बुटका पूल, मंजूर झाला, नारळ फुटला, मंडळी जुन्या सवयीनं छपरीत आली, तर गुरुजी म्हणाले, "तिथं गिट्टी फोडाले माणसं कमी हायेत. चला." आणि छत्री घेऊन खरंच निघाले. काहीजण मागून गेले, काहीजण चहा पिऊन घरी गेले.

मग माझी बदली सेवाग्रामजवळच्या शाळेत झाली. लग्न झालं, मुलं झाली. गुरुजींचं पोस्टकार्ड दिवाळीला येई; एका वर्षी त्यात माई गेल्याचं दोन ओळींत लिहिलं होतं. मी भेटायला जायचं म्हणत म्हणत पुढच्या उन्हाळ्यात गेले. घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "गुरुजी पलीकडे हायेत. नवी नर्स आली न सोमवारी." मेश्राम सिस्टर बढतीवर गेली होती, अख्खा गाव एसटीपर्यंत सोडायला गेला होता, असं तिनं सांगितलं.

रपट्यावरून मी पलीकडे गेले. बाकड्यावर गुरुजी बसले होते. फार वाळले होते, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. एका बाजूला किसना, दुसऱ्या बाजूला एक म्हातारी. तिघंही ठणठणीत दिसत होते. दारातून आत एक मुलगी दिसत होती, वीस-एकवीसची, कपाटात बाटल्या लावत होती आणि मध्येमध्ये धास्तावून बाहेर बघत होती.

मी गुरुजींच्या पाया पडले. ते माझं, मुलांचं विचारत राहिले. मग मी आवाज हळू करून विचारलं, "गुरुजी, टिकेल का ही इथं?"

पूर्वी ते लगेच सांगत. या वेळी त्यांनी आत पाहिलं, मग माझ्याकडे.

"मले नाई मालूम," ते म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. मग त्यांनी किसनाला कोपरानं ढोसलं, स्वतः सरकले आणि बाकड्यावर हात आपटला. "बसा बाई इथं. ती पाहून राह्यली. बाकडं भरलेलं दिसलं पाह्यजे."

माझी एसटी तासाभरात होती. मी पिशवी मांडीवर घेतली आणि बसले.